लाकडाचे कान आणि बिनपानाचं फूल

आठवडाभर झड लागली की लाकूड चिरायच्या आमच्या आरामशिनीच्या आवारात लाकडांना कान फुटतात. शब्द माझा नाही, हमीदभाईचा. हमीदभाई माझा भागीदार. सकाळी फाटक उघडून तो ओंडक्यांच्या थप्पीकडे बघतो आणि तिथूनच ओरडतो, "या मालक, लाकडाले कान फुटले तुमच्या. आता जरा हळू बोला, सारं ऐकून राह्यले ते."

बाभूळ असो, कडुनिंब असो, आंबा असो, साल ओली राहिली की तिच्यावर बोटाच्या पेराएवढे राखी-पांढरे पंखे उगवतात. वरून लव, कडा किंचित दुमडलेल्या. उलटून पाहिलं तर मुळाशी जुळलेल्या आणि कडेकडे पसरत गेलेल्या बारीक पट्ट्या, त्याही मधोमध चिरलेल्या. ऊन पडलं की हे पंखे आक्रसून कडक होतात, आपल्याला वाटतं मेले. पाऊस आला की पाणी पिऊन पुन्हा तसेच उघडतात. असा एक वाळका तुकडा मी खिळ्यांच्या डब्यात विसरलो होतो. उन्हाळा गेला, छपर गळलं, डब्यात पाणी साचलं, आणि तो काही झालंच नाही असा उमलून बसला.

जगात सगळीकडे ही बुरशी सापडते म्हणतात. तिला ना जमीन चांगली लागते, ना कोणाची मर्जी. मेलेलं लाकूड आणि थोडी ओल, बस.

गेली कित्येक वर्षं झडीच्या दिवसांत मी आवाराच्या त्या बाजूला जायचं टाळतो. माल मोजायचा असला तरी हमीदभाईला पाठवतो. तो कधी विचारत नाही काहून म्हणून. यंदा मात्र लिहायचं ठरवलं आहे. मी बोलणारा माणूस नाही. दिवसभर कानात आऱ्याचा आवाज, त्यात बोलून काय होणार, म्हणून घरीही तीच सवय लागली. बायको बोलते, मी "हं" म्हणतो. संसार बराचसा या "हं"वरच उभा राहिला.

निर्मला शाळेत विज्ञान शिकवते. लग्न झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही बाई शाळेतून येताना डब्यात भाजीऐवजी काहीतरी भलतंच आणते. कधी पानावरची गाठ, कधी कुठली शेंग, कधी नुसती माती. तिनं दागिना कधी मागितला नाही. साडीही मीच आठवणीनं आणायचो, आणि ती नेसण्याआधी काठाला वेल कुठला काढलाय ते बघायची. "हे पान काढताना चुकलं यायचं," म्हणायची. "या वेलाले असं पान नसतेच." मी म्हणायचो, "हं."

मेडशीच्या बाजूला हमीदभाईच्या बहिणीचं शेत आहे. सोयाबीन, मधून तुरीच्या ओळी, टोकाला नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. आषाढात एकदा तिनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर निर्मला हात धुवायला म्हणून नाल्याकडे गेली ती परत येईना. मी बघायला गेलो. ती काठावरच्या झाडीत, चिखलात गुडघे टेकून बसलेली. नवी साडी, आणि तिला त्याचं काहीच नाही.

"अहो, इकडं या. हळू. पाय पाहून टाका."

सालईचा एक मोठा ओंडका तिथे आडवा पडला होता, कित्येक पावसाळे खाल्लेला. त्याच्या पोटाशी, कुजक्या पाल्यातून, वीतभर उंचीच्या फिक्या दांड्या वर आल्या होत्या. हिरवं म्हणून काही नाही. एकही पान नाही. टोकाला चार-पाच पांढुरकी फुलं, आत गुलाबीसर छटा, आणि सगळ्यांच्या माना खाली. कोणीतरी मेणाची करून ठेवावी तशी.

"मेलेलं हाये काय?" मी विचारलं.

"जितं हाये. आमरीच्या, ऑर्किडच्या जातीचं असन. याले पान नसतेच. आपल्या इकडं कोणी पाह्यल्याचं मले तरी माहीत नाही."

"पान नाही तं मंग खाते काय?"

ती माझ्याकडे बघून हसली. असं हसू तिच्या तोंडावर मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तेच तं मले समजून नाही राह्यलं."

चिखलात गुडघे सरकवतच तिनं मोबाईलवर फोटो काढला, तो हलला. पांढरी रेघ तेवढी आली.

दोन-तीन दिवसांनी तिनं आठवीच्या मुलींना ते फूल दाखवायला नेलं. टेम्पो मशिनीचा, चालवणारा मी. मुली ताडपत्रीखाली बसून गाणी म्हणत आल्या. नाल्याशी उतरल्यावर निर्मला एकेकीला हात धरून पुढे नेत होती. पल्लवी नावाची एक मुलगी, वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात घाईची, तिचा पाय घसरला आणि नेमका एका दांडीवर पडला. पोरगी पांढरीफटक झाली. निर्मला म्हणाली, "असू दे वं. बाकीचे हायेत अजून. रडू नको, पाह्य, जवळून पाह्य." आणि तिलाच सगळ्यात पुढे बसवलं. वाकून, श्वास रोखून बघणाऱ्या त्या मुली मला अजून दिसतात. शाळेत कधी न दिसणारी शांतता त्यांच्या पाठींवर होती.

मी मात्र फुलाकडे पाहत नव्हतो. सालईच्या त्या ओंडक्याला खालपासून वरपर्यंत कान फुटले होते.

आता हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच समजेल. बुरशी लागलेलं लाकूड आम्ही चांगल्या मालाजवळ ठेवत नाही. आधी बाजूला काढायचं, जागा झाडायची, मोरचुदाचं पाणी मारायचं. पावसाळ्याआधी सागाच्या तोंडांना मी स्वतः ब्रशनं मोरचूद लावतो. निळं पाणी अंगठ्याच्या नखात दिवसेंदिवस राहतं. बुरशी म्हणजे नुकसान, एवढंच मला बापानं शिकवलं आणि बापाला त्याच्या बापानं. त्या ओंडक्याकडे बघून मला वाटलं, की हा रोग पुढच्या साली खाली उतरणार आणि हिचं फूल खाणार.

निर्मलाला काही दिलं असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. बोलता तर येत नाही. मनाशी म्हटलं, काम तरी येतं.

उन्हाळ्याच्या शेवटी हमीदभाईला मागे बसवून मी मोटारसायकलनं तिथे गेलो. कॅनमध्ये मोरचुदाचं घट्ट पाणी. पत्र्याच्या पट्टीनं ओंडक्यावरचे वाळलेले सगळे कान खरवडून काढले, लाकूड भिजवलं, खालची माती भिजवली, हात लांब जाईल तिथपर्यंत भिजवली.

हमीदभाई बांधावर बसून बिडी ओढत होता. "लोकं बायकोले डोरलं करतात," तो म्हणाला, "अन् हा गडी फवारणी करून राह्यला. बिवीले सांगशीन का?"

"कायले सांगायचं? फुलं येतीन तवा दिसन तिले."

"या अल्ला," हमीदभाई हसून लोळायचा तेवढा राहिला. "मजनू पाह्यले, पण मोरचूदवाला नाही पाह्यला."

मीही हसलो. घरी येताना मला खूप बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं, आणि तेच सगळ्यात जास्त लाजवतं.

पुढचा आषाढ आला. निर्मलानं वर्षभर त्याचीच वाट पाहिली होती. अकोल्याहून वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर येणार होते. त्यांना तिनं आग्रहानं बोलावलं होतं, कारण मुलींच्या गडबडीत दुसरा फोटो राहून गेला होता, आणि त्या एका हललेल्या फोटोवर ते विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्याच मुली, आता नववीतल्या, पुन्हा टेम्पोत. नाल्याशी पोहोचलो तर ओंडका होता, पाला होता, गांडुळं होती, बाकी काही नाही. निर्मला पाल्यात बोटं घालून घालून शोधत राहिली. सर छत्रीखाली उभे. भले माणूस ते, बुटाच्या टोकानं त्यांनीही थोडा पाला सरकवून पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, होतं असं कधीकधी. दुसरी कुठली वनस्पती असेल ती, पाहताना गल्लत होऊ शकते."

निर्मला उठली. हाताला चिखल, केस कपाळाला चिकटलेले. तिच्यासमोर पल्लवी उभी होती.

"तुह्या पायानं गेलं ते," ती म्हणाली, आणि तिच्या थोबाडीत मारली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत निर्मलानं मुलांवर हात उगारल्याचं कोणी सांगणार नाही. पोरीच्या गालावर चिखलाची बोटं उठली. पावसानं ती धुऊन गेली तरी पोरगी गाल पुसत नव्हती. मी टेम्पोच्या बॉनेटला टेकून उभा होतो. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, ही एक गोष्ट माझ्या बाजूची. पण ती रात्रीपर्यंतच टिकली.

जेवताना निर्मला म्हणाली, "सरांचा फोन आला होता. वाईट वाटलं त्यायले. म्हणत होते, तुम्ही पाहिलं ते खरं असेल, तर असं फूल बुरशीवर जगतं. लाकूड कुजवणारी बुरशी मातीत उतरते, तिचे धागे याच्या मुळाशी जातात, ते धागे याले खाऊ घालतात. पान कायले लागते मंग? बुरशीच त्याची माय." ती ताटाकडे बघत होती. "लय नाजूक राह्यतात म्हणे ते धागे. पाय पडला की तुटत असतीन. पण मी मारायले नोको होतं पोरीले. उद्या जवळ घेतो तिले."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. नखातला निळा रंग त्या दिवसांत अजून पुरता गेलेला नव्हता.

बोलायची वेळ ती होती. तिनं खोलीत जाऊन दार लावून घेतलं असतं, दोन दिवस बोलली नसती, आणि मग एकदा हसलीही असती कदाचित. मी म्हणालो, "हं."

दुसऱ्या दिवशी पल्लवी शाळेत आली नाही. पुढेही बरेच दिवस नाही. मग तिच्या बापाची बदली झाली आणि ते कुटुंब रिसोडकडे गेलं.

निर्मलानं त्यानंतर मुलांना बाहेर नेणं सोडलं. डब्यातून शेंगा येणं बंद झालं. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी "मॅडमचं भुताचं फूल" म्हणून थट्टा केली, ती तिनं हसून सोसली आणि घरी येऊन त्या दिवशी सगळे पापड जाळले. आषाढ लागला की ती अबोल व्हायची. मी तर होतोच. घरात दोन मुकी माणसं आणि बाहेर पन्हाळीचा आवाज.

आरामशिनीवर हमीदभाईनं एकदा विचारलं होतं, "काय रे, आपल्या दवाईनं तं नाही ना गेलं ते?"

"नाही बॉ," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पट्टा फिरवायला गेला.

मग मी चोरून वाचायला लागलो. निर्मला शाळेत गेली की तिच्या कपाटातली पुस्तकं. कळलं ते असं. आमरीचं बी धुळीसारखं असतं. गव्हाच्या दाण्यात अंकुरापुरता खाऊ असतो, याच्यात तोही नाही. वाऱ्यावर कुठेही जातं आणि पडून राहतं, हवी ती बुरशी भेटेपर्यंत. नाही भेटली तर संपलं. बिनपानाच्या फुलाला तर जन्मभर तिच्याच हातचं खायचं असतं. माझ्या ओंडक्यावर फुटणारी हीच का ती बुरशी, का शेजारची दुसरी, ते मला माहीत नाही. माझ्या मोरचुदानं फरक केला नाही, सगळ्यांना सारखंच मारलं.

मी आयुष्यभर लाकडाची पारख केली. साग इकडे, जळतन तिकडे. दुर्मिळ ते जपायचं, साधं ते फेकायचं. ही कोणाला न विचारता कुठेही उगवणारी, चिमटीनं मोडणारी, बाजारात दाम नसलेली बुरशी. तिचं त्या फुलावाचून काही अडत नाही. अडतं ते फुलाचं. ते इतकं दुर्मिळ, की बघायला दुसऱ्या गावाहून माणूस येतो, आणि ते उभं कशावर, तर आमच्या आवारातून आम्ही झाडून काढतो त्यावर. हे कळलं तेव्हा मला आपल्या घराकडे बघवेना. मी साध्यातला माणूस. मला वाटायचं, माझ्यासारख्याच्या घरी निर्मला आली हे माझं नशीब, आणि आपलं काम एवढंच, की तिच्यापासून चार हात दूर राहायचं, तिला आपला ओरखडा लागू द्यायचा नाही. तिला माझ्याकडून काही हवं असेल, साधा एक खरा शब्द, हे मनातच आलं नाही.

असंही वाचलं, की अशी फुलं कधीकधी काही वर्षं जमिनीखालीच राहतात, आणि मग अचानक वर येतात. त्या ओळीला मी बरेच दिवस धरून बसलो. दर आषाढात मालाचं निमित्त काढून मेडशीला जायचो. ओंडका आता भुगा झाला आहे. एकदा त्याच्या उरल्यासुरल्या कडेवर दोन कान फुटलेले दिसले. मी तिथे उकिडवा बसलो आणि त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही. फूल आलं नाही. येईल तर सांगू, असं मी स्वतःला सांगत होतो, म्हणजे आधी निर्दोष सुटायचं आणि मग कबुली द्यायची.

लाकडावर कान दिसतो तो शेवटी. त्याच्या कितीतरी आधी धागे आत फिरलेले असतात. गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो, वरून खरवडून काही होत नाही, आतून पोकळ झालं असेल.

यंदाच्या झडीत, रविवारी, दारात एस.टी.तून उतरलेली एक बाई उभी राहिली. छत्री उलटी झालेली, कडेवर मूल, हातात पेढ्यांची पुडी. निर्मलानं ओळखलं नाही. मी ओळखलं.

"मॅडम, पल्लवी."

निर्मलाचा हात आधी तोंडावर गेला, मग तिनं तिला आत ओढलं. टॉवेल, चहा, मुलाला बिस्किट. पल्लवीचं सासर केनवडचं. तिथल्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती, आणि पहिले पेढे मॅडमला द्यायचे म्हणून पावसात आली होती. दोघी खूप बोलल्या. निर्मलाचा असा आवाज मी किती तरी दिवसांनी ऐकत होतो.

"काय शिकवतं?"

"तुमचंच. विज्ञान."

"मंग नेतं का पोरायले रानात? का नुसतं फळ्यावरच?"

पल्लवी मुलाचं नाक पुसत होती. "नाही नेत मॅडम. बाकीचे नेतात. मले नाही होत. आपण न्यावं अन् काही मरावं... पोरं पाय टाकतात नं कुठंही." ती हसायला गेली. "मी अजून रस्त्यानं खालीच पाहून चालतो. सासू म्हणते, का वं, काही हरपलं काय तुह्यं? मॅडम, तवा तुमी रागावल्या त्याचं काही नाही. माह्या पायानंच गेलं होतं ते."

निर्मला म्हणाली, "जाऊ दे वं आता. लहान होती तू." तिचा आवाज मऊ होता, तिनं पोरीला क्षमा केली होती. मी दाराशी उभा राहून ती क्षमा ऐकली. माझ्या वाट्याची चूक एका आठवीतल्या पोरीनं इतकी वर्षं पायात बाळगली होती, आणि आता तिच्या वर्गातल्या पोरांपर्यंत ती पोचत होती.

"तिच्या पायानं नाही गेलं," मी म्हणालो.

दोघींनी वर पाहिलं. मग मी सांगितलं. मोरचूद, कॅन, पट्टी, ओंडका, आणि त्या रात्रीचं जेवण. तेही सांगितलं, कारण खरी चूक तिथे होती. सलग इतकं मी कधी बोललो नसेन. बाहेर पन्हाळ वाहत होती.

पल्लवी आधी हसली. "काका, खरंच?" मग तिचं हसू गेलं. ती निर्मलाकडे बघत होती.

निर्मला उठून तिच्याजवळ गेली. तिनं हात उचलला, पोरीच्या गालापर्यंत नेला आणि तिथेच थांबली. लावावा की नाही, ते तिला कळेना. पल्लवीनंही मान पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. कडेवरच्या मुलानं तो हात धरला आणि बांगडीशी खेळायला लागलं.

एस.टी.ची वेळ झाली तेव्हा निर्मला तिला थांब्यापर्यंत सोडायला गेली. मी छत्री पुढे केली, ती घेतली नाही. परत आली तेव्हा चिंब भिजलेली होती. तिनं साडी बदलली, भाकरी टाकल्या, मला वाढलं. स्वतः समोर बसली, वाढून न घेता.

मला वाटलं होतं ती फुलाबद्दल बोलेल. सरांबद्दल, थट्टेबद्दल, गेलेल्या आषाढांबद्दल. त्या सगळ्याची उत्तरं मी वर्षानुवर्षं मनात जुळवून ठेवली होती.

"फुलाचं मी कवाच सोडलं होतं," ती म्हणाली. "तुमाले माहीत नव्हतं, तोवर ते पाप नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी त्या लेकराले जवळ घेणार होती. ते आलंच नाही. त्याच रात्री तुमी बोलले असते, तं मी तशीच पावसात तिच्या घरी गेली असती."